आठवडी बाजार हलवण्याआधी बाजाराला विचारा

प्रति,
माननीय नगराध्यक्ष ताई, सर्व सन्माननीय नगरसेवक आणि मुख्याधिकारी साहेब,

सप्रेम नमस्कार.

बुधवारचा आठवडी बाजार सध्याच्या मैदानावरून उठवून बायपासलगतच्या जागेवर न्यायचा आणि मोकळ्या झालेल्या मैदानावर ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर व्यापारी संकुल उभं करायचं, असा ठराव आपण मंजूर केला. पोळ्यानंतर जुन्या जागेवर कोणाला दुकान लावू दिलं जाणार नाही, असा फलक मैदानाच्या फाटकावर लागला आहे. हा निर्णय मला मान्य नाही. बाजारात बसणाऱ्या बहुतेकांना तो मान्य नाही. पण त्यांच्यातल्या कोणाला अर्ज लिहिता येत नाही, कोणाला बुधवार सोडून शहरात यायला सवड नाही, आणि कोणाला भीती आहे की आज बोललो तर उद्या बसायची जागाच जाईल. म्हणून मी लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे. पत्र आपल्या नावे असलं तरी ते शहरानं आणि आजूबाजूच्या खेड्यांनीही वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

आधी माझा संबंध सांगते. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात या मैदानावर पहिल्यांदा दुकान लावून बसली. दुष्काळी कामावर खडी फोडून साठवलेल्या पैशातून तिनं कांद्याचं एक पोतं घेतलं होतं. तिच्यामागे माझी आई बसू लागली आणि ती अजूनही बसते. आम्हा भावंडांच्या वह्या-पुस्तकांपासून धाकट्याच्या आयटीआयपर्यंत आणि घरावरच्या टिनांपर्यंत सगळं त्याच गोणपाटावरून आलं. मी आज तहसील कार्यालयासमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान चालवते. त्यामुळे हा बाजार मला घरातूनही माहीत आहे आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांमधूनही.

ठरावाबद्दल जे बोललं जातं त्यात सारखं ‘शहराचा बाजार’ असं ऐकू येतं. मला वाटतं, सगळी चूक इथूनच सुरू झाली. बुधवारी मैदानावर कोण असतं ते पाहा. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, कोलाम बाया बांबूच्या टोपल्या आणि सुपं घेऊन येतात. तांड्यावरून मिरची आणि वांगी येतात. पावसाळ्यात जंगलालगतच्या गावांतून तरोटा आणि काटवल येतं, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, ढेमसं, सांबार म्हणजे कोथिंबीर. लोहार वखराची पास आणि विळे मांडतो, कुंभार आखाजीच्या आधी माठ आणतो. पोळ्याच्या आधीच्या बुधवारी तर झुली, घुंगरमाळा, कासरे आणि वेसणींनी अर्धं मैदान भरतं. विकणारे खेड्यातले आणि घेणारेही निम्म्याहून अधिक खेड्यातलेच. ही माणसं आपापल्या ग्रामपंचायतीची मतदार आहेत. नगरपरिषदेच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. त्यांच्या गावचा सरपंच आपल्या सभागृहात बसत नाही, त्यांच्या वाटेचा नगरसेवक नाही, त्यांनी तक्रार करावी असा कोणताही दरवाजा आपल्या इमारतीत नाही. बाजार मात्र जितका आपला तितकाच त्यांचा आहे, आणि त्याची जागा ठरवण्याचा अधिकार एकट्या आपल्या हाती आला आहे. ज्याला आपल्याला मत देता येत नाही आणि आपल्याला पाडताही येत नाही, त्याच्याबद्दल निर्णय घेताना आपण दुप्पट विचारलं पाहिजे. इथे एकदाही विचारलं गेलं नाही.

निर्णय कसा झाला, त्याबद्दल माझी पहिली तक्रार आहे. त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर बाजाराचा विषय नव्हता. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात तो शेवटी आला आणि चर्चेशिवाय मंजूर झाला, असं सभेत हजर असलेल्या सदस्यांनीच सांगितलं. जलवाहिनी फुटली, साथ पसरली, कोणाला श्रद्धांजली वाहायची आहे, तर विषय ऐनवेळी आणावा लागतो हे समजतं. इतक्या माणसांचं पोट ज्या जागेवर आहे ती जागा बदलणं हा ऐनवेळचा विषय कसा होऊ शकतो? ठरावाची आणि इतिवृत्ताची प्रत मी माहितीच्या अधिकारात मागितली. कायद्यातली ३० दिवसांची मुदत उलटून गेली तरी ती मिळालेली नाही. खरं तर अशा प्रती मागाव्याच लागू नयेत. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्यं प्राधिकरणानं स्वतःहून प्रसिद्ध करायची असतात.

हे मला जास्त का लागलं, तेही सांगते. आपल्या नगरपरिषदेची मुदत संपल्यावर कितीतरी काळ इथे प्रशासक होते. राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांत तेच होतं. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलेलं होतं. संविधानाच्या २४३-यू या अनुच्छेदात पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं लिहिलेलं असूनही लोकांना प्रतिनिधी नव्हते. ६ मे २०२५ ला न्यायालयानं आदेश दिला, डिसेंबरात मतदान झालं, २१ डिसेंबरला निकाल लागले. तोवर नालीच्या उपशासाठीसुद्धा कोणाला भेटावं हे आम्हाला कळत नव्हतं. म्हणून या निवडणुकीची आम्ही फार वाट पाहिली होती. प्रचारात सगळ्याच पक्षांचे उमेदवार बुधवारी आमच्या ओळींमधून फिरले. ‘मावशी, पहिल्या वर्षात बाजारात शेड आणि संडास,’ असं आईला हात जोडून सांगितलं गेलं. तेच सभागृह काही महिन्यांत बाजारच उठवायचा ठराव करेल, आणि तोही आमच्याशी एक शब्द न बोलता, असं तिला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

आता बायपासची जागा. ती मी जाऊन पाहिली आहे. बसस्थानकापासून सुमारे तीन किलोमीटर. झाड नाही, पाण्याचा नळ नाही. एसटी तिथे थांबत नाही. आपल्यापैकी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना तीन किलोमीटर म्हणजे काहीच वाटणार नाही. पण बाजाराला येणारी बाई एसटीनं येते. १७ मार्च २०२३ पासून राज्य सरकारनं एसटीत महिलांना निम्मं तिकीट केलं, त्याचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला असेल तर या बायांना. दोन टोपली भाजी घेऊन ती बसस्थानकावर उतरते आणि रस्ता ओलांडला की बाजारात असते. बाजार बायपासला गेला की तिला ऑटो करावा लागेल, येताना आणि जातानाही. ओझ्याचे पैसे ऑटोवाला वेगळे घेतो. तिच्या दिवसभराच्या कमाईतून हे गेलं की उरतं काय? शिवाय गावाकडची शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटते. बायपासवरून ती गाठायची तर तिला चारच्या आधीच दुकान गुंडाळावं लागेल. बाजाराची खरी विक्री चार ते सहा या वेळातच होते, कारण मजूर तेव्हा येतो.

मजुराचाही विचार करा. आपल्या भागात शेतमजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो. कापूस वेचणीच्या हंगामात वेचलेल्या किलोंचा हिशेब आठवडाभर वहीत राहतो आणि बुधवारी पैसे हातात येतात. ते पैसे घेऊन बाई आधी भाजी-मीठ-मिरची घेते, मग किराण्याची उधारी चुकवते, मग लेकराचं औषध, मग राहिले तर कापड. हे सगळं आज एकाच पट्ट्यात आहे: मैदान, त्याला लागून गुजरी, पलीकडे किराणा ओळ, मेडिकल, कापड दुकानं, चक्की. बाजार तिथून उचलला तर या दुकानांचा बुधवारही जाईल. मैदानाभोवतीच्या काही व्यापारी बंधूंनी बाजार हलवण्याला पाठिंबा दिला असं ऐकते. त्यांना माझी विनंती आहे, बुधवारचा गल्ला आणि गुरुवारचा गल्ला शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पहाटेच्या हर्रासाचा, म्हणजे भाजीच्या लिलावाचा, तर या ठरावात कोणी विचारच केलेला दिसत नाही. शहरातल्या भाजीवाल्या बाया शेतकरी नाहीत. त्या पहाटे हर्रासात माल घेतात, बहुतेक वेळा उधारीवर, आणि संध्याकाळी विक्री झाली की अडत्याचे पैसे देतात. हर्रास होतो तो मैदानाला लागून. माल डोक्यावर घेऊन पाच मिनिटांत जागेवर येता येतं. हर्रास इथे आणि बाजार तीन किलोमीटरवर, असं झालं तर प्रत्येक बाईला मालवाहू गाडी करावी लागेल. दहा-वीस किलो माल घेणारी बाई गाडीभाडं कुठून देणार? तीन-चार जणी मिळून करतील असं आपण म्हणाल. करतीलही. पण सांबार आणि पालक उन्हात गाडीची वाट पाहत थांबत नाही. आणि ज्या अडत्यानं वीस वर्षांच्या ओळखीवर उधार दिलं, तो बाजार दूर गेल्यावर संध्याकाळपर्यंत थांबेल याची खात्री कोण देणार? आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर घेतलं जातं. ज्या घरात असं घडलं त्या घरांतल्या कितीतरी बाया आज अशाच उधारीवर, याच मैदानावर बसून लेकरं शिकवत आहेत. त्यांची नावं मी लिहिणार नाही. आपल्याला ती माहीत आहेत.

कायद्याचं बोलायचं तर या ठरावाआधी एक कायदा उघडून पाहायला हवा होता. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हटवता किंवा हलवता येणार नाही. कलम १८ प्रमाणे प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्यालाही हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. फाटकावर लावलेला फलक ही नोटीस नव्हे. कलम २२ प्रमाणे नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला. आपल्या बाजारातल्या एकाही बाईला अशा निवडणुकीत मत देण्यासाठी कोणी बोलावल्याचं मला माहीत नाही.

त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वं दिली आहेत. स्पष्ट आणि तातडीची गरज नसेल तर स्थलांतर टाळावं. नव्या जागेचं नियोजन करताना विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना सोबत घ्यावं. नव्या जागी त्यांची कमाई वाढावी, निदान आधीइतकी तरी राहावी. आणि ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आहेत तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. माझी आजी बहात्तरला बसली तेव्हा तिच्या आधीपासून बसणाऱ्यांच्या ओळी होत्या, असं ती सांगायची. माझ्या घरच्या आठवणीवर विश्वास ठेवू नका. बाजार वसुलीच्या लिलावाची जुनी रजिस्टरं आपल्याच रेकॉर्ड रूममध्ये आहेत. ती काढा आणि पन्नास वर्षं झाली की नाही ते आपणच पाहा.

‘हे कायदे शहरातल्या फेरीवाल्यांसाठी आहेत, आठवडी बाजाराला लागू नाहीत,’ असं नगरपरिषदेत एकांना विचारल्यावर मला सांगण्यात आलं. कायद्याच्या व्याख्येत रस्ता आणि पदपथाबरोबर सार्वजनिक जागाही आहे. नैसर्गिक बाजार म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेनं जमतात तो, असं त्यात आहे. समितीच्या शिफारशीवरून तसं ठरवायचं काम नगरपरिषदेचं आहे. समितीच काम करत नसेल तर शिफारस येणार कुठून? आणखी एक. २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली तेव्हा याच विक्रेत्यांना पथविक्रेता म्हणून नगरपरिषदेनंच शिफारसपत्रं दिली होती. १० हजारांच्या पहिल्या कर्जाचे कितीतरी अर्ज माझ्या दुकानात भरले गेले. पत्रावर शिक्का नगरपरिषदेचा होता. कर्ज देताना पथविक्रेता आणि जागा घेताना कोणीच नाही, असं करता येणार नाही.

जमिनीबद्दलही प्रश्न आहेत. शहराच्या विकास योजनेत हे मैदान आठवडी बाजारासाठी राखीव असेल तर तो वापर बदलायला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे लोकांकडून हरकती मागवाव्या लागतात. तशी सूचना निघाल्याचं आमच्या पाहण्यात नाही. मैदान नझूलचं, म्हणजे सरकारी जमिनीचं, आहे की नगरपरिषदेच्या मालकीचं, ते आखीव पत्रिकेवरून, म्हणजे जागेच्या मालकीच्या नोंदीवरून, कळेल. मालकीचं असलं तरी नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ नुसार स्थावर मालमत्ता राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. ती मंजुरी घेतली का? विकासकाशी करार किती वर्षांचा? गाळ्यांची अनामत कोणाकडे जाणार, भाडं कोणाला मिळणार? यातलं काहीही शहराला सांगितलेलं नाही. मी कोणावर आरोप करत नाही. पण कागद दाखवले जात नाहीत तेव्हा लोक आपापल्या परीनं अर्थ लावतात, आणि त्यानं आपल्या सगळ्यांचंच नाव खराब होतं.

आपल्या बाजूनं तीन कारणं सांगितली जातात. वाहतूक, घाण आणि उत्पन्न. तिन्हींत तथ्य आहे, म्हणून तिन्हींचं उत्तर देते.

वाहतुकीची कोंडी होते, हे खरं. बुधवारी दवाखान्याकडे जाणारी ॲम्ब्युलन्स अडकल्याचं मी स्वतः पाहिलं आहे, आणि ते चुकीचंच आहे. पण कोंडी मैदानावर होत नाही, मैदानाबाहेरच्या रस्त्यावर होते. मैदानात दरवर्षी जागा कमी होत गेली. एका कोपऱ्यात नगरपरिषदेच्या भंगार गाड्या उभ्या आहेत, दुसऱ्या बाजूला बांधकामाचं सामान पडलं आहे, म्हणून विक्रेते रस्त्यावर आले. मैदान रिकामं करून ओळी आखून द्या, बुधवारी त्या रस्त्यावर एकेरी वाहतूक करा, दुचाकींसाठी शाळेमागची जागा द्या. दोन-चार बुधवार करून पाहिलं तरी फरक कळेल.

घाणीबद्दल बोलताना मला जड जातं. गुरुवारी सकाळी मैदानावर सडकी भाजी, कागद, प्लास्टिक पडलेलं असतं आणि मोकाट गुरं त्यात तोंड घालत असतात. पण दर बुधवारी प्रत्येक दुकानाची चिठ्ठी फाडली जाते. टोपलं घेऊन बसलेल्या म्हातारीलाही सोडत नाहीत. बाजार वसुलीचा ठेका दरवर्षी लिलावात जातो आणि त्याची रक्कम नगरपरिषदेत जमा होते. त्यातून मैदानावर काय आलं? बायांसाठी एक संडास नाही. माझी आई बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. तिच्या ओळीतल्या सगळ्या बायांचं हेच आहे. उन्हाळ्यात, ४५ अंशांवर पारा गेलेला असताना, दहा तास पाण्याविना बसणं म्हणजे काय, हे आमच्या घरात आम्ही पाहिलं आहे. लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या त्यांच्या पिशवीत असतात. यावर मी कितीही लिहिलं तरी कमीच आहे, कारण यासाठी कोणत्याही योजनेची, कोणत्याही विकासकाची गरज नव्हती. चार भिंती, एक टाकी, एक सफाई कामगार. जी नगरपरिषद चालू बाजारात एवढं करू शकली नाही ती बायपासच्या माळावर शेड, पाणी, दिवे आणि संडास बांधून देईल, यावर आम्ही कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा? गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मले. हातात खराटा घेऊन त्यांनी गावं झाडली. त्यांच्या नावानं चालणाऱ्या स्वच्छता अभियानाचा फलक आपल्या प्रवेशद्वारावर आहे. तो फलक रोज वाचणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की घाण काढा, माणसं काढू नका.

राहिलं उत्पन्न. नगरपरिषदेला पैसा लागतो, यात वाद नाही. पण आधी बांधलेल्या संकुलाचे वरच्या मजल्यावरचे गाळे आजही बंद आहेत. तिथे शटरला गंज चढलेला असताना दुसरं संकुल कोण घेणार, याचा अभ्यास झाला का? माझं मत विचाराल तर संकुलच बायपासला न्या. मोठ्या दुकानात जाणारं गिऱ्हाईक गाडीनं जातं, त्याला तीन किलोमीटर जड नाही आणि गाडी उभी करायला तिथे जागाही भरपूर आहे. पायी येणारा आणि एसटीनं येणारा जिथे पोचू शकतो तिथे बाजार राहू द्या. हा पर्याय एकदा तरी सभागृहात मांडला जावा.

राज्य सरकारनं २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं. शेतकऱ्यानं मधल्या माणसाशिवाय थेट गिऱ्हाइकाला विकावं, हा त्याचा हेतू. मोठ्या शहरांत त्यासाठी जागा शोधून बाजार नव्यानं भरवावे लागले. आपल्याकडे तो भरलेलाच आहे, आपोआप, दर बुधवारी.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, बाजार स्थलांतराच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवावी आणि फाटकावरचा फलक काढावा. पोळ्याचा बाजार तोंडावर आहे, लोकांनी माल भरायचा की नाही हे त्यांना आताच कळायला हवं.

दोन, या विषयावर खुली सुनावणी घ्यावी. ती बुधवारी घ्यावी आणि मैदानावरच घ्यावी, म्हणजे ज्यांचा प्रश्न आहे ते हजर असतील. ज्या गावांचे लोक या बाजाराला येतात त्या ग्रामपंचायतींना लेखी बोलावणं पाठवावं. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवावं. त्यांना मत नसलं तरी त्यांचं म्हणणं कागदावर आलं पाहिजे.

तीन, पथविक्रेता समिती नियमाप्रमाणे निवडून घ्यावी आणि आठवडी बाजारात बसणाऱ्या सर्वांचं, खेड्यातून येणाऱ्यांसकट, सर्वेक्षण करावं. त्यानंतर समितीनं या बाजाराला नैसर्गिक बाजार आणि पुढे वारसा बाजार म्हणून जाहीर करण्याचा विषय घ्यावा. आम्हाला जागेची मालकी नको. कायदाही ती देत नाही. बसायची जागा आणि बसण्याचा हक्क, एवढंच मागतो.

चार, ठराव, इतिवृत्त, संकुलाचा प्रस्ताव, कराराचा मसुदा आणि मैदानाची आखीव पत्रिका नगरपरिषदेच्या सूचना फलकावर लावावी. सोबत गेल्या पाच वर्षांत बाजार वसुलीतून किती रक्कम आली आणि त्यातली किती बाजारावर खर्च झाली, याचा हिशेब.

पाच, बायांसाठी संडास आणि पिण्याचं पाणी. यासाठी सुनावणीची, समितीची, कशाचीच वाट पाहू नये. हे काम बाजार कुठे राहतो यावर अवलंबून नाही. पुढच्या बुधवारपर्यंत निदान फिरतं शौचालय आणि पाण्याचा टँकर मैदानावर उभा करता येतो.

या पत्राची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना देत आहे. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देण्याचा अधिकार त्यांना आहे. नगरपरिषदेनं स्वतःच पाऊल मागे घेतलं तर त्यांच्याकडे जाण्याची गरज पडणार नाही, आणि मला तेच आवडेल. निवडून दिलेल्या माणसांशी भांडण नको आहे. त्यांनी ऐकावं एवढंच हवं आहे.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या दिवशी बाजारातल्या आम्ही काही बाया नगरपरिषदेच्या आवारात येऊन शांतपणे बसणार आहोत. घोषणा देणार नाही, काम अडवणार नाही. सह्या आणि अंगठे घेतलेलं निवेदन सोबत असेल. ताई, ते आपण स्वतः बाहेर येऊन घ्यावं आणि विषय विषयपत्रिकेवर कधी येणार त्याची तारीख त्याच वेळी सांगावी.

आपली,
तहसील कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी, या शहराची मतदार

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: माननीय जिल्हाधिकारी